तारीख घातलेला व्हॉल्व्ह

काचेवर पांढऱ्या एनॅमलनं लिहिलं होतं, १७-९-७४, आणि ते अक्षर अण्णांचं होतं. अण्णा म्हणजे माझे वडील. त्यांना जाऊन पाच वर्षं झाली. रविवारी सकाळी अकराच्या उन्हात जुन्या बाजारात उकिडवा बसून मी बद्रीनाथच्या खोक्यातले रेडिओचे व्हॉल्व्ह एकेक करून उजेडात धरत होतो. काचेच्या डोक्यावर आतून एक चंदेरी डाग असतो. तो चकचकीत असला तर व्हॉल्व्ह धड आहे, दुधासारखा पांढरा पडला असला तर कुठंतरी तडा जाऊन आत हवा शिरलेली आहे, मामला खलास. दोन वर्षांच्या नादात मला एवढं कळायला लागलं होतं. मेलेले डावीकडे, बाकीचे उजवीकडे असं चाललं होतं आणि आठवा की नववा हातात आला त्याच्यावर ही तारीख. सातचं पोट अण्णा नेहमी जरा जास्तच फुगवायचे. अशा वेळी माणसाला धक्का बसतो म्हणतात. माझे फक्त गुडघे दुखायला लागले, म्हणून मी त्या धुळकट ताडपत्रीवर सरळ मांडी घातली.

“कायले इतकं पाहून राहिले साहेब?” बद्रीनाथ म्हणाला. तो मूळचा यवतमाळकडचा, वीस वर्षं पुण्यात जुनं सामान विकतो आणि पुण्याचं त्याच्या बोलण्याला काहीही लागलेलं नाही. “मंडईजवळच्या संपत रेडिओवाल्याचा माल हाये हा. तो गेला, घरच्यायनं सारं भंगारात काढलं. चालू हाये का पाहून देऊ?” शेजारच्या चहावाल्याच्या बोर्डातून त्यानं वायर ओढून घेतलेली होती. सुटकेसएवढ्या जुन्या टेस्टरमध्ये त्यानं व्हॉल्व्ह खोचला. अर्धं मिनिट काहीच झालं नाही. मग काचेच्या आत तांबूस ठिणगी धरली, काटा सावकाश हिरव्या पट्ट्यात सरकला आणि तिथंच बसून राहिला. “पाहा, नवरदेवावानी हाये,” बद्रीनाथ म्हणाला, “तीस वर्साचा हाये, पन लय कमी वापरला कोनी तरी.” त्यानं सांगितली ती किंमत मी देऊन टाकली. मी घासाघीस केली नाही याचंच त्याला वाईट वाटलेलं दिसलं. कमी वापरला हे बरोबर होतं. तो व्हॉल्व्ह आमच्या घरी आठ महिने वाजला.

माझ्या पगाराची आमच्या कंपनीतली माणसं काही ना काही घेत असतात. कुणी कॅमेरे घेतं, कुणी तळेगावला प्लॉट. मी व्हॉल्व्हचा ॲम्प्लिफायर घेतला. कोथरूडच्या फ्लॅटमध्ये हॉलच्या कोपऱ्यात तो असतो, आणि माझी बायको हेमा त्याला शोकेसमधला हीटर म्हणते. तिचं चूक नाही. मला संगीतातलं फारसं कळत नाही, आणि लोक ज्या ऊबदार आवाजाबद्दल भारावून बोलतात तो मला अजून ऐकू आलेला नाही. मला आवडतं ते बटन दाबल्यानंतरचं अर्धं मिनिट. काहीच वाजत नसतं, काच तापत असते, आणि आता काही होणार किंवा होणार नाही, एवढंच असतं. त्या अर्ध्या मिनिटासाठी मी दोन वर्षं दर रविवारी जुन्या बाजारात जात होतो. हेमा विचारायची, “एवढं काय हरवलंय रे तुझं तिथे?” मी म्हणायचो, जोडी जमत नाहीये. ॲम्प्लिफायरला सारख्या ताकदीचे दोन लागतात, एक जोरकस आणि एक मरतुकडा चालत नाही. उत्तर बरोबर होतं, म्हणून ती पुढे विचारायची नाही.

अण्णा कचेरीत रेकॉर्ड विभागात होते आणि घरातल्या प्रत्येक वस्तूवर तारीख घालायचे. बल्ब आणला की पितळी टोपीवर तारीख, बॅटरीचे सेल, छत्रीचा दांडा, आईच्या चष्म्याची डबी, सगळ्यावर. वस्तू किती दिवस टिकली हे दुकानदाराला तोंडावर सांगता आलं पाहिजे, असं त्यांचं म्हणणं. दत्तप्रसाद, म्हणजे माझा दादा, आणि मी, आम्हा दोघा भावांवर तेवढी तारीख घातलेली नव्हती. मंडईच्या मागे दोन खोल्यांत आम्ही राहायचो, आणि बाहेरच्या खोलीत भिंतीला लावलेल्या फळीवर, आईनं भरतकाम केलेल्या पडद्याआड, व्हॉल्व्हचा रेडिओ असायचा. त्याला अण्णांशिवाय कुणी हात लावायचा नाही. त्याचं लायसन्स होतं, पोस्टात जाऊन दरवर्षी पैसे भरून शिक्का मारून आणलेलं, आणि अण्णा ते रेशनकार्डाबरोबर ठेवायचे. संध्याकाळी सातला ते कचेरीचा शर्ट काढून ठेवत, पाय धूत, पडदा वर करत, आणि मग आम्ही सगळे काच तापायची वाट बघत बसायचो. काय लावायचं हे तेच ठरवायचे. बातम्या, मग थोडं गायन, मग बंद. दादा माझ्याहून सहा वर्षांनी मोठा, त्याला क्रिकेटची कॉमेंट्री हवी असायची, पण हवं असण्याला आमच्याकडे फारशी किंमत नव्हती.

पंचाहत्तर सालच्या मे महिन्यातली ती दुपार. मी नऊ वर्षांचा. आई आतल्या खोलीत निजलेली, अण्णा कचेरीत, दादा कुठंतरी बाहेर. रेडिओच्या मागच्या बाजूला एक लहानशी गोल खुंटी होती आणि तिच्याभोवती आकडे होते, ११०, २००, २३०. खुंटी २३० वर होती. मला वाटलं, आकडा कमी केला की आवाज कमी होणार, मग आईला न उठवता ऐकता येईल. पुढं मी विजेचाच अभ्यास करून इंजिनिअर झालो, आणि त्या विचारातली चूक, की आकडा खाली नेला तर आतल्या भागांवर उलट दुप्पट दाब येतो, मी परीक्षेत तीन मार्कांसाठी लिहिली आहे. त्या दुपारी मी खुंटी ११० वर नेली आणि बटन दाबलं. डायलचा पिवळा दिवा एकदम पांढराफेक झाला, पेटीच्या आत काहीतरी गुरगुरलं, आणि करपलेल्या धुळीचा वास आला. मी बटन बंद केलं. खुंटी परत २३० वर नेली, पडदा सारखा केला, हात धुतले. संध्याकाळी सातला अण्णांनी बटन दाबलं. दिवा लागला, काच तापायचा वेळ गेला, आणखी तेवढाच गेला, आणि रेडिओतून साधी खरखरसुद्धा आली नाही.

अण्णांनी मागचे चार स्क्रू काढून पुठ्ठा बाजूला ठेवला. एकेक व्हॉल्व्ह उपसून उजेडात धरला. एका व्हॉल्व्हपाशी ते बराच वेळ थांबले, तो बोटांत फिरवून फिरवून पाहिला. मग आमच्याकडे न वळता म्हणाले, “मागे हात कोणी घातला?” मी दादाच्या शेजारी उभा होतो.  आणि दादा म्हणाला, “मी.” त्यानं माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही, आणि तेवढ्यावरून मी ओळखलं, की दुपारी त्यानं मला कुठून तरी पाहिलं होतं आणि आता तो मला वाचवत होता. अण्णांनी त्याआधी आमच्यावर कधी हात उगारला नव्हता. त्या दिवशी त्यांनी टेबलावरचा लाकडी रूळ घेतला. मी मोजलं नाही. दादा ओरडला नाही. नंतर अण्णांनी रूळ जागेवर ठेवला आणि आईला म्हणाले, “याच्या हातात यंत्र द्यायचं नाही.” दादाला मॅट्रिकनंतर रेडिओचा डिप्लोमा करायचा होता, फॉर्म आणून ठेवलेला होता. अण्णांनी फॉर्मची नीट घडी घातली आणि रद्दीत ठेवला. जूनमध्ये दादा लोणी काळभोरला मामांकडे शेतीवर गेला. रेडिओ दुरुस्तीला गेला नाही. आईनं एकदा विचारलं, अण्णा फक्त “नको” म्हणाले. लायसन्सचे पैसेही पुढच्या वर्षी भरले नाहीत. तेवीस वर्षं तो पडद्याआड तसाच बसून होता, आणि अण्णा गेल्यावर मीच तो भंगारवाल्याला दिला. मागचा पुठ्ठा उघडूनही पाहिलं नाही.

मला कुणी कधी काही विचारलं नाही, हे मुख्य. मी शिकलो, अण्णांनी मला लागेल ती पुस्तकं घेऊन दिली, त्यांच्यावर तारखा घातल्या. माझ्या हातात यंत्र द्यायला हरकत नव्हती. आज हिंजवडीला माझ्या हाताखाली बावीस माणसं दुसऱ्यांच्या प्रोग्रॅममधल्या चुका शोधतात. प्रत्येक चुकीचा एक तक्ता असतो, त्यात काय बिघडलं, कधी बिघडलं आणि कुणामुळे, असे रकाने असतात. तक्ता मीच केलेला आहे. तिसऱ्या रकान्यात लोक सहसा सोडून गेलेल्या माणसाचं नाव घालतात, आणि मी सही करतो. गेल्या वर्षी मला कंपनीनं काचेचा एक चौकोनी ठोकळा दिला, माझं नाव कोरलेला. टाळ्या वाजत होत्या, आणि दाताच्या डॉक्टरनं सुई टोचल्यावर ओठ जसा आपला राहत नाही तसं मला सगळ्या अंगाचं झालं होतं. हे काही नवीन नव्हतं. लग्नात असंच होतं, अण्णांच्या तिरडीमागं चालतानाही असंच. हेमा एकदा चिडून म्हणाली होती, “तुला काही होतच नाही का रे? का दाखवत नाहीस?” मी विचार करून खरं उत्तर दिलं की ठाऊक नाही. मला एवढंच ठाऊक होतं की जे काही मिळालं ते दादाच्या नावचं होतं आणि चुकून माझ्या पत्त्यावर आलं होतं. दुसऱ्याच्या ताटातलं जेवताना चव बघत बसू नये.

त्या रविवारी घरी आल्यावर मी व्हॉल्व्ह जेवणाच्या टेबलावर ठेवला आणि समोर बसलो. भंगारवाल्याकडून संपतकडे, संपतकडून बद्रीनाथकडे, असा त्याचा प्रवास मी जुळवला. पण तो चालू होता. म्हणजे जळलेला नव्हता. म्हणजे माझ्या खुंटीनं तो मेलाच नव्हता, पेटीत दुसरंच कुठं काही सुटलं असणार, एखादा टाका, एखादी वायर. म्हणजे चूक माझी नव्हती आणि दादाची तर नव्हतीच. अठ्ठावीस वर्षांचा निकाल फिरला होता, आणि मी बसून त्याची वाट बघत होतो, छातीत काहीतरी हलेल म्हणून. बाहेर स्कूटर सुरू होत नव्हती, कुणीतरी किका मारत होतं. हेमाला मी सांगितलं, की लहानपणी रेडिओ बिघडवल्याबद्दल दादानं मार खाल्ला, त्याचं शिक्षण गेलं, आणि रेडिओ मुळात त्याच्यामुळे बिघडलाच नव्हता. “अरे, मग त्यांना जाऊन सांग ना,” ती म्हणाली, “फोनवर नको. किती बरं वाटेल त्यांना.” खुंटीची गोष्ट मी तिलाही सांगितली नाही. लग्नाला अकरा वर्षं झाली होती. पण दादाला ती सांगितल्याशिवाय बाकीचं सांगता येणार नव्हतं. चूक कुणाचीच नव्हती हे त्याला कशासाठी सांगायचं, तर त्यानं माझ्यासाठी जे सोसलं ते सोसायची गरज नव्हती म्हणून. आणि ते माझ्यासाठी होतं, हे मला पहिल्यापासून माहीत होतं, हे आधी कबूल करावं लागणार होतं. मी दुपारभर वाक्यं जुळवली. दादा, त्या दिवशी मागे हात मी घातला होता. एवढंच वाक्य, आठ शब्दांचं.

पुढच्या रविवारी बाजाराकडे न वळता मी गाडी सोलापूर रस्त्याला घातली. व्हॉल्व्ह कापसात गुंडाळून चष्म्याच्या डबीत ठेवला होता. हडपसरला तासभर अडकलो. ते आठ शब्द मी गाडीत मोठ्यानं म्हणून पाहिले, आणि दर वेळी माझा आवाज आमच्या ऑफिसातल्या मीटिंगमधल्यासारखा यायचा. दादाकडे मी वर्षातून दोनदा जातो, गणपतीत आणि दिवाळीत, बायकोमुलांसकट. एकटा कधी गेलो नव्हतो. त्याच्या अंगणात विहिरीवरच्या पंपाच्या दोन मोटारी उघडून ठेवलेल्या होत्या, एक मिक्सर, कुणाचा तरी टीव्ही, आणि तो खाटेवर बसून तिसऱ्याच मोटारीला तांब्याची तार गुंडाळत होता. आख्खं गाव बिघडलेलं काही असलं की त्याच्याकडे आणून टाकतं. शेती करून उरलेल्या वेळात तो हेच करतो, कुठं शिकला कुणास ठाऊक. “अगं, सल्या आलाय,” तो आत ओरडला. शालनवहिनी पदराला हात पुसत दारात आल्या. “भावजी, एकटंच? घरी समदं बरं हाय नव्हं?” बरं आहे म्हटल्यावर त्या चहाला गेल्या. मी खाटेवर बसलो, डबी उघडली, आणि व्हॉल्व्ह आमच्या दोघांच्या मध्ये ठेवला.

दादानं तो उचलला नाही. वाकून पाहिला, तारीख वाचली. हातातली तार त्यानं खाली ठेवली. “कुठं घावला ह्यो?”

“जुन्या बाजारात. संपत रेडिओवाल्याच्या मालात होता,” मी म्हणालो. “दादा, हा चालू आहे. तपासून घेतलाय मी. म्हणजे त्या वेळी—”

“चालू असणारच की,” दादा म्हणाला. “मीच दिलता त्याला.”

 आत वहिनी स्टोव्हला पंप मारत होत्या.

“तुला हे आज ना उद्या कळणारच व्हतं,” दादा माझ्याकडे न पाहता बोलायला लागला. “संपतकडं एक ट्रान्झिस्टर व्हता, जुना, हातात मावंल एवढा. म्हनला, मला चांगला औटपुटचा व्हॉल्व्ह आणून दे आन् घेऊन जा. मला आपलं काहीतरी पायजे व्हतं सल्या. अण्णांच्या तोंडाकडं न बघता ऐकता येईल असं. त्या दिवशी सकाळी ते कचेरीत गेल्यावर मी ह्यो काढला आन् त्याच्या जागी संपतनं दिलेला मेलेला खोचला. वाटलं, जुना झाला, गेला, असं म्हणतील. तारखेचं डोक्यातच आलं न्हाई. अण्णांनी मागचं उघडलं, व्हॉल्व्हवर तारीख न्हाई, बास, तेवढ्यावर ओळखलं त्यांनी. चोर मात्र म्हनले न्हाईत. भिंतीला कान लावून चार बिऱ्हाडं बसलेली. मागे हात घातला, एवढंच म्हनले. मरेपर्यंत तेवढंच. आईलासुद्धा सांगितलं नसंल.”

“आणि ट्रान्झिस्टर?”

“कालव्यात टाकला. एक मॅच ऐकली न्हाई.”

म्हणजे त्यानं मला पाहिलेलं नव्हतं. मी ज्या दादाच्या ऋणात वाढलो, कॉलेजात गेलो, नोकरीला लागलो, तो दादा त्या खोलीत नव्हताच. तिथं पकडला गेलेला एक पंधरा वर्षांचा मुलगा होता आणि त्याच्या शेजारी पकडला न गेलेला एक नऊ वर्षांचा. आम्हा दोघांना एकच प्रश्न विचारला गेला होता आणि दोघांनाही तो आपल्यालाच विचारलाय असं वाटलं होतं. मला सुटल्यासारखं वाटायला हवं होतं. मला राग आला. इतकी वर्षं मी फुकट वाकून चाललो, याचा राग, आणि तो नेमका कुणावर काढायचा हे कळेना. पण राग आला होता एवढं नक्की, कानशिलं तापली होती, आणि कितीतरी वर्षांनी मला माझं अंग माझं वाटलं.

“अण्णांचं काय न्हाई,” दादा म्हणाला.  “त्यांनी मारलं ते बरोबर मारलं. हितं मला काय कमी पडलं न्हाई. माझ्या जिवाला लागलंय ते तुझं. तू दोन दिस जेवला न्हाईस, आठवतं का? आई ताट घेऊन तुझ्या मागं मागं. दादाला मारलं म्हणून जेवत न्हाई, असं ती शेजारणीला सांगत व्हती, आन् मी भिंतीकडं तोंड करून पडलेला. सारखं वाटायचं, उठावं आन् या पोराला सांगावं, अरे बाबा, मी चोरी केलीय, तू कशाला उपाशी मरतोस. न्हाई सांगितलं. कारण आख्ख्या जन्मात माझ्यापायी उपाशी राह्यलेला तू एकलाच. लोणीला येताना मी दुसरं काय आणलं व्हतं? तेवढंच एक घेऊन आलो. चोरीचंच की ते पण.” त्यानं माझा हात धरला. त्याच्या हाताला ग्रीस होतं. “माफ कर मला सल्या.”

मी दोन दिवस जेवलो नव्हतो ते भीतीनं. घास घशाखाली उतरत नव्हता, आणि तोंड उघडलं की खुंटी बाहेर पडेल असं वाटायचं. दादासाठी म्हणून मी एक घाससुद्धा टाकलेला नव्हता. ते आठ शब्द माझ्या जिभेवर होते. गाडीतल्यापेक्षा सोपे झाले होते, आता त्यांच्यानं कुणाचं शिक्षण जाणार नव्हतं, कुणाला मार बसणार नव्हता. फक्त त्यानं पुण्याहून आणलेली ती एक गोष्ट गेली असती. दादा माझ्याकडे पाहत होता, डोळे भरलेले, केस पिकलेले, माझ्या उत्तराची वाट बघत.

“जाऊ दे दादा,” मी म्हणालो. “लहान होतास.”

“पंधरा वर्सांचा व्हतो.”

“लहानच की.”

त्यानं मनगटानं डोळे पुसले आणि एकदम हसला, लहानपणी हसायचा तसा. मला बरं वाटलं. हे मला लिहून ठेवायला हवं, की माफी मागायला गेलो आणि माफ करून बसलो, आणि मला बरं वाटलं. त्याच्या भल्यासाठी मी गप्प राहिलो की सवयीनं, हे मला त्या वेळीही सांगता आलं नसतं. थोड्या वेळानं वहिनींनी चहाऐवजी जेवायलाच हाक मारली. दादानं मला हाताला धरून आत नेलं, पाटावर बसवलं, आणि वहिनींच्या हातून परात घेऊन पहिली भाकरी स्वतः माझ्या ताटात घातली. “पोटभर जेवायचं,” तो म्हणाला, “आज तुझं काय ऐकणार न्हाई.” मी मान खाली घालून ती भाकरी खाल्ली. मग त्यानं दुसरी वाढली, तीही खाल्ली, आणि तिसरी.